दगडाचे हप्ते

घाटातून जाताना प्रवाशांचे दोन वर्ग पडतात. दरीकडे बघणारे आणि डोंगराकडे बघणारे. दरीकडे बघणाऱ्यांना ढग दिसतात, धबधबे दिसतात, कविता सुचतात आणि खंडाळा आला की भूक लागते. डोंगराकडे बघणाऱ्यांना फक्त दगड दिसतात. मी जन्मापासून दुसऱ्या वर्गातला.

यात माझा दोष नाही. माझा जन्मच मुळी महाड तालुक्यातला, आणि आमचं घर डोंगराच्या इतकं पायथ्याशी, की परसात उभं राहून आळस दिला तर हात डोंगराला लागावा. घराच्या बरोब्बर वर, अर्ध्या चढावर, एक भलामोठा धोंडा बसलेला आहे. त्याला गावात हत्तीदगड म्हणतात. आजोबा रोज सकाळी दात घासता घासता परसात येऊन वर बघायचे आणि आत वर्दी द्यायचे, "बसलाय हो!" मग घरात चहा व्हायचा. दुसऱ्यांच्या घरी सकाळी रेडिओवर बातम्या लागत, आमच्याकडे हत्तीदगडाचं बातमीपत्र असे. अशा घरात वाढलेला माणूस मोठेपणी दरीकडे काय बघणार!

त्यामुळे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर डोंगराला जाळ्या लागल्या, तेव्हा सर्वांत जास्त आनंद मला झाला. २०१५ च्या जुलैत आडोशी बोगद्याजवळ दरड गाड्यांवर आली आणि माणसं गेली. त्या पावसाळ्यानंतर घाटातले सैल दगड काढण्याचं आणि जाळ्या बसवण्याचं काम मोठ्या प्रमाणावर झालं. पण या जाळ्यांबद्दल प्रवाशांची मतं ऐकावीत! एकदा माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी मला खात्रीनं सांगितलं, की त्या माकडांसाठी आहेत. माकडं रस्त्यावर येऊ नयेत म्हणून. मागच्या सीटवरच्या बाईंचं म्हणणं, दगड चोरीला जातात. आणि सगळ्यांचं मिळून एक मत असं, की "छे हो, एवढा डोंगर कोसळायला लागला तर ही कोंबडीच्या खुराड्याची जाळी काय करणार?"

हा प्रश्न मलाही पडलेला होता. आणि प्रश्न पडला की तो साडूला विचारायचा, असा आमच्या सासुरवाडीचा रिवाज आहे.

माझे साडू सिव्हिल इंजिनियर आहेत. डोंगरउतारांवर जाळ्या बसवणं हाच त्यांचा धंदा. पूर्वी लग्नाकार्यात त्यांच्या शेजारी पाट मिळाला की मी घाबरायचो, कारण मठ्ठा वाढेपर्यंत ते अँकरच्या लांबीवर बोलत असत. पण या वेळी मीच आपण होऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. साडूंचा आनंद पोटात मावेना. त्यांनी पानातली जिलबी बाजूला सारली, भाताची मूद म्हणजे डोंगर असं जाहीर केलं आणि सुरुवात केली.

"भाऊ, पहिलं म्हणजे जाळी आणि जाळी यात फरक आहे."

कड्यावर वरपासून खालपर्यंत सोडलेली असते ती पांघरायची जाळी. डोंगराच्या डोक्यावरून घेतलेला पदरच तो. ती दगडाला थांबवतेच असं नाही. निसटलेल्या दगडाला उसळी मारू न देता, अंगालगत घासत घासत खाली आणते आणि पायथ्याच्या चरात सोडते. दुसरा प्रकार म्हणजे उतारावर आडवं उभं केलेलं कुंपण. लोखंडी खांब, त्यांच्यामधून ओढलेल्या तारांच्या जाडजूड दोऱ्या आणि त्यांवर टांगलेली जाळी. वरून सुटलेला दगड हवेतून येतो आणि त्यात जाऊन पडतो. पदर दगडाला सांभाळून खाली उतरवतो. कुंपण त्याचा झेल घेतं.

"पण मग भिंतच का नाही बांधत?" मी विचारलं. "चांगली चार फूट जाड!"

साडू हसले. आमचे मॅनेजर मुदत ठेव मुदतीआधी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला हसतात, तसे. मग त्यांनी मला दगडाचं खातं समजावून सांगितलं. त्यातली अर्धी भाषा त्यांची आणि अर्धी माझी. मी बी.कॉम. असल्यामुळे मला जमाखर्चाशिवाय जगातलं काहीही कळत नाही, हे त्यांनी केव्हाच ओळखलं होतं.

दगड उंचावर नुसता बसलेला असतो तेव्हा त्याच्या नावावर ठेव असते. निसटला की ती ठेव मोडून तिचा वेग होतो. एक टनाचा दगड, म्हणजे लहानशा मोटारीएवढ्या वजनाचा, सेकंदाला २५ मीटर वेगानं आला, म्हणजे ताशी ९० किलोमीटर, तर त्याच्या खात्यावर ३१२ किलोज्यूल ऊर्जा असते. वजन दुप्पट झालं तर ऊर्जा दुप्पट. पण वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट. मी म्हटलं, "म्हणजे वजन हे सरळव्याज आणि वेग चक्रवाढ!" साडूंनी मान डोलावली. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत त्यांनी मला दिलेली ही पहिली पसंती.

आता ही रक्कम कुणीतरी फेडली पाहिजे. त्यात सूट नाही, कर्जमाफी नाही, मोर्चा नाही. दगड थांबवायचा म्हणजे पूर्ण ३१२ किलोज्यूल कुठेतरी खर्ची पडलेच पाहिजेत. प्रश्न एवढाच, की एकरकमी फेडायचे की हप्त्यांनी.

भिंत एकरकमी फेडते. ती मागे हटत नाही, तोच तिचा बाणा. समजा, तो दगड भिंतीवर आदळून दहा सेंटिमीटरांत थांबला. मग त्या दहा सेंटिमीटरांत त्याला थोपवायला सरासरी ३२० टनांच्या आसपास जोर लागतो. तेवढा जोर भिंत लावू शकली तर ठीक, नाहीतर दगडाबरोबर भिंतही खाली येते आणि एका दगडाचे पन्नास होतात. जाळी मात्र मागे सरकते. दगडाला "या, या" म्हणत पाच मीटर आत येऊ देते. तोच दगड, तोच वेग. पण पाच मीटरांत थांबवायचा म्हटलं की सरासरी साडेसहा टनांच्या आतच जोर पुरतो. रक्कम तीच, मुदत वाढवली. ३२० चे साडेसहा! हा आकडा ऐकून माझ्यातला कारकून उठून उभा राहिला. जगात कुठल्याही बँकेनं इतके सोयीचे हप्ते कुणाला बांधून दिलेले नाहीत.

आमचे वडील सांगायचे, की एकनाथ सोलकर बॅटच्या अगदी टोकाशी उभा राहून झेल घ्यायचा, तेव्हा चेंडूबरोबर त्याचे हातही मागे जायचे. वडिलांनी हे मला इतक्या वेळा सांगितलं, की सोलकरनं सत्तावीस कसोट्यांत त्रेपन्न झेल घेतले हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. जाळीचा सगळा सिद्धांत एवढाच आहे. हात ताठ ठेवले तर बोटं मोडतात.

अर्थात नुसतं मागे सरकून भागत नाही. मागे सरकता सरकता रक्कम खर्च झाली पाहिजे. नाहीतर जाळी रबरासारखी दगडाला उलट फेकून देईल, आणि समोरच्या डोंगराला काय वाटेल? यासाठी या जाळ्यांच्या दोऱ्यांत ठिकठिकाणी ब्रेक बसवलेले असतात. त्यांची एक साधी जात म्हणजे लोखंडी नळीचं वेटोळं. बांगडीएवढं नव्हे, चांगलं परातीएवढं. तारेची दोरी त्या नळीतून ओवलेली असते. एरवी ते वेटोळं नुसतं लोंबकळत असतं. आमच्या ऑफिसातही अशी दोन-तीन आहेत. पण दोरीवर ठरावीक मर्यादेपलीकडे ताण आला की वेटोळं आवळत जातं, नळी वाकते, दोरी घासत घासत पुढे सरकते. या वाकण्यात आणि घासण्यात दगडाची ऊर्जा संपते. दोरी तुटण्याऐवजी वेटोळं स्वतः वेडंवाकडं होऊन बसतं. एकदा आवळलं की ते पुन्हा कामाचं राहत नाही, बदलावंच लागतं. घरातल्या सुनेनं आणि सासूनं एकमेकींना तुटेस्तोवर ताणू नये म्हणून मधल्या मध्ये जो आवळला जातो, त्या प्राण्याला हे वर्णन वाचून आपलं माणूस भेटल्यासारखं वाटेल.

आणि खुद्द जाळी? मजबूत जाळ्या चौकटीच्या नसतात, कड्यांच्या असतात. तीन मिलिमीटर जाडीच्या पोलादी तारेचे अनेक वेढे घालून फूटभर व्यासाची एक कडी. अशी प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत अडकवलेली. एका कडीवर दगड आला की ती चौघींना ओढते, त्या आणखी चौघींना, आणि बघता बघता गोल कड्या ताणून चौकोनी होतात. म्हणजे चाळच. एका खोलीत पाहुणा आला, की चार खोल्यांतून साखर जाते. बारीकसारीक दगड कड्यांतून निसटू नयेत म्हणून वर बारीक विणीची दुसरी जाळी असते. खांबांचे पायही सिमेंटात ताठ गाडलेले नसतात. बिजागरीवर उभे असतात आणि वरच्या अंगाला दोऱ्यांनी बांधलेले असतात. खांबसुद्धा थोडा झुकायला तयार! या सगळ्या व्यवस्थेत ताठ असं काही नाहीच. आमच्या एका शाखेत पूर्वी एक अधिकारी होते, ते कधीच झुकत नसत. त्यांच्यावर आदळलेली प्रत्येक गोष्ट फुटून आमच्या टेबलावर यायची.

या जाळ्यांचा इतिहास तर आणखी गमतीचा आहे. आल्प्स पर्वतात विसाव्या शतकाच्या मध्याला बर्फाचे कडे घसरू नयेत म्हणून उतारांवर तारदोऱ्यांच्या जाळ्या लावत. उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर पाहतात तो जाळ्यांत दगड येऊन बसलेले! बोलावलं होतं बर्फाला, आले दगड. तेव्हा लोकांच्या लक्षात आलं, की अरे, ही जाळी दगडही झेलते. पुढे ज्या कड्यांच्या जाळ्या आल्या, त्यांचं मूळ पाणबुड्या अडवायला समुद्रात सोडत त्या जाळ्यांत आहे. समुद्राच्या तळाची वस्तू डोंगराच्या माथ्यावर गेली. माणसाचंही असंच असतं. कोकणातल्या मुलाला भरती व्हायचं असतं दर्यावर आणि तो नोकरी करतो डोंबिवलीला.

आणि परीक्षा? ती ऐकून मला आमच्या खात्याअंतर्गत परीक्षांची लाज वाटली. स्वित्झर्लंडमध्ये वालेनश्टाट नावाच्या गावाजवळ दगडाची एक खाण आहे. तिथल्या कड्याला जाळी आडवी बांधतात, एखाद्या सज्जासारखी. वरून क्रेनला काँक्रिटचा अनेक पैलू पाडलेला ठोकळा टांगतात आणि ३२ मीटरांवरून सोडून देतात. इतक्या उंचीवरून पडला की जाळीपाशी येईपर्यंत त्याचा वेग बरोब्बर सेकंदाला २५ मीटर होतो. ३,००० किलोज्यूलच्या परीक्षेला बसलेल्या जाळीवर जवळजवळ दहा टनांचा ठोकळा येतो. जाळी पोटाशी खोल खोल जाते, वेटोळी किंचाळत आवळली जातात, आणि ठोकळा थांबतो. २००१ साली स्विस सरकारनं या परीक्षेचे नियम बांधले, २००८ मध्ये युरोपनं आपले केले. युरोपच्या नियमात एक मोठी खुबी आहे. पूर्ण ताकदीचा एक फटका तर असतोच. पण त्याशिवाय त्याच्या एक-तृतीयांश ऊर्जेचे दोन फटके एकाच जाळीवर एकामागून एक मारतात. आणि मध्ये दुरुस्ती करायची नाही! पहिला दगड पोटात घेतल्यावर दुसराही घेता आला पाहिजे. ज्यानं कुणी हा नियम लिहिला, त्याच्या घरी नक्की दोन मुलं असणार आणि दोघांची परीक्षा एकाच वर्षी असणार.

इथवर साडूंचं प्रवचन आलं तेव्हा पंगत उठून गेली होती आणि वाढपी आमच्याकडे भुईच्या खड्ड्याकडे बघावं तसे बघत होते. पण माझ्या डोक्यात आता एकच होतं. मी हळूच विचारलं, "आमच्या हत्तीदगडाला जाळी लागेल का हो?"

साडूंनी पहिल्यांदाच लगेच उत्तर दिलं नाही. म्हणाले, "बघायला लागेल."

मे महिन्यात आम्ही दोघं गावाला गेलो. जाताना साडूंनी खिडकीची जागा घेतली, आणि तीही डोंगराच्या बाजूची. असा माणूस मला जन्मात पहिल्यांदा भेटत होता. गाडी करंजाडीच्या पुढे गेली तेव्हा दोघेही गप्प झालो. कोकण रेल्वेवर २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ आणि पुढच्याच वर्षी जूनमध्ये या करंजाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडांनी गाड्या पाडल्या. वैभववाडीला पन्नासाहून जास्त माणसं गेली. त्यानंतर या मार्गावर जाळ्या आल्या, गस्त वाढली, पावसाळ्यात खोल खोदकामांतून गाड्या हळू जायला लागल्या. लोक पावसाळी वेळापत्रकाला नावं ठेवतात. "दोन तास उशीर!" म्हणतात. मी ठेवत नाही. उशीर हाही एक हप्ताच.

बोरघाटात तर रेल्वेची माणसं पावसाळ्याआधी स्वतः डोंगर चढून जातात, सैल झालेले दगड हुडकतात, त्यांवर खुणा करतात आणि गाड्या थांबवून ते आपल्या हातांनी खाली पाडतात. दगडानं आपल्या सवडीनं यायच्या आत आपल्या सवडीनं त्याला आणायचं. आम्ही याला थकीत खात्यांची वसुली म्हणतो. फक्त आमचे दगड इतक्या सहजी हलत नाहीत.

गावी पोचल्यावर साडू हत्तीदगडापर्यंत चढून गेले. थोरला भाऊ त्यांच्याबरोबर. मी खालून बघत होतो, आजोबांच्या जागेवरून. दोन तासांनी दोघं उतरले. आईनं कोकमाचं सरबत पुढे केलं आणि सरळ विचारलं, "काय म्हणतोय आमचा हत्ती?"

"हत्तीची काळजी नको, आई," साडू म्हणाले. "तो कातळावर पक्का बसलाय. सुटला असता तरी एकट्या दगडाला जाळी झेलते. माझी काळजी वेगळी आहे. त्याच्या वरच्या अंगाला माती खोल आहे. मोठ्या पावसात ती माती पाणी पिऊन सगळीच्या सगळी निघाली, तर तिला माझी कुठलीही जाळी धरणार नाही."

पंगतीत मूद फोडून दाखवणारे साडू आता एकेक शब्द जपून बोलत होते. आईला समजावायची गरज नव्हती. तळिये आमच्याच तालुक्यातलं. २०२१ च्या जुलैत तिथं ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याआधी २०१४ साली माळीण, नंतर २०२३ साली इर्शाळवाडी. तिथं दगड सुटला नव्हता, डोंगराचं अंगच सुटलं होतं. जाळी ही दगडांसाठी. एकेकट्यानं येणाऱ्यांसाठी. डोंगरच घरी यायला निघाला तर आपण घरी नसणं हाच एक उपाय.

साडूंनी भावाला खुणा सांगितल्या. वरच्या अंगाला जमिनीला नवी भेग पडली, सरळ झाडं कलली, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा भलतीकडून फुटलं, तर रात्र असो की दिवस, घर सोडायचं. आणि मुसळधार पावसाचा इशारा आला, तर खुणांची वाटही बघायची नाही.

आता खरी लढाई आईशी होती. या घरात ती लग्न होऊन आली. आजवर एक रात्र ती डोंगराला भिऊन बाहेर झोपलेली नाही. मी भाषणाची तयारी केली होती. त्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचाही उल्लेख होता. आईनं मला पहिल्या वाक्यालाच थांबवलं.

"जायचं कुठे?"

"शाळेत. ती पलीकडच्या मोकळ्या माळावर आहे."

"गाय?"

कुणी बोलेना. साडू इंजिनियर, मी बी.कॉम., भाऊ ग्रामपंचायतीचा सदस्य. तिघांच्याही योजनेत गाय नव्हती.

"गाय येत असेल तर मी येते," आई म्हणाली आणि पेले उचलून आत गेली.

मग हेडमास्तरांना भेटून शाळेच्या मागच्या पडवीत गाईची सोय झाली. आईनं जूनच्या सुरुवातीलाच एक बोचकं बांधून दाराशी ठेवलं. त्यात दोन लुगडी, औषधं, देवातला बाळकृष्ण आणि घराचा सात-बारा. निघताना साडूंनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. "जाळीत पडलेले दगड वेळच्या वेळी काढायचे असतात, भाऊ. नाहीतर भरलेली जाळी म्हणजे आधीच खर्च झालेलं खातं. नवा दगड आला की झेलायला जागाच उरत नाही. लोक जाळी बसवतात आणि विसरतात." मला वाटलं, ते जाळीबद्दलच बोलताहेत. गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "तुमच्या वहिनींना दोन दिवस माहेरी पाठवा. सगळ्या घराचं ओझं त्यांच्यावर दिसतंय."

जुलैत इशारा आला. दुपारी चारला भावाचा फोन आला, की गाय पुढे, आई मागे, वहिनी बोचकं घेऊन, सगळे शाळेत पोचले. रात्रभर मला झोप नाही. बायकोनं दोनदा चहा केला आणि एकदाही "झोपा आता" म्हटलं नाही. सकाळी सहाला मी फोन लावला. आईनंच उचलला.

"काही पडलं का गं?"

"काऽही नाही!" आई चिडून म्हणाली. "रात्रभर मास्तरांच्या बाकावर अंग आखडून घेतलं नि वरून एक खडा म्हणशील तर आला नाही. त्या तुझ्या साडूला सांग म्हणावं!"

मी साडूंना तसंच सांगितलं. ते म्हणाले, "फार चांगलं. माझ्या बऱ्याच जाळ्यांत अजून काहीच पडलेलं नाही. मी दर वर्षी जाऊन बघून येतो, आणि रिकाम्या दिसल्या की मला फार बरं वाटतं."

हे मी आईला कळवलं. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बरं. पण पुढच्या वेळी मास्तरांना सांग, गाईला पडवी चालेल, मला गादी लागेल."